एकदा मिळालेले तारण जाऊ शकते का?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन माणसे आहेत. एक तुमचा भाऊ. दहा वर्षांपूर्वी कन्व्हेन्शनमध्ये त्याने हात वर केला, प्रार्थना म्हटली, पुढे बाप्तिस्मा घेतला. आता पाच वर्षे मंडळीत पाऊल नाही, दारू सुटत नाही, आणि कोणी बोलले की म्हणतो, “माझं तारण झालंय. एकदा झालं ते कायमचं.” दुसऱ्या तुम्ही. रोज प्रार्थना करता, पण इब्री लोकांस पत्राचा 6वा अध्याय वाचल्यापासून झोप उडाली आहे, की आपलेच तारण गेले नसेल ना. पवित्र शास्त्रात अभिवचनेही आहेत आणि इशारेही. इशारे ज्याने ऐकायला हवेत तो अभिवचनांची उशी करून झोपला आहे, आणि अभिवचने जिच्यासाठी आहेत ती इशाऱ्यांनी जागी आहे. मंडळ्यांमध्ये या विषयावर होणारा बहुतेक गोंधळ याच अदलाबदलीचा असतो.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे कोणत्या बाजूने लिहिले आहे ते कळेल. देवाने ज्याला खरोखर नवा जन्म दिला आहे त्याला देव शेवटपर्यंत राखतो, असे मी मानतो. पण “एकदा तारण, कायमचे तारण” ही घोषणा म्हणजे ती शिकवण नव्हे. ही घोषणा शिकवणीचा अर्धाच भाग सांगते, आणि तो अर्धा भाग एकटा पडला की घातक होतो.

मराठीत “तारण” या शब्दाला दुसराही अर्थ आहे. सोनेतारण कर्ज घेताना आपण दागिने बँकेत ठेवतो, हप्ते थकले की बँक ते लिलावात काढते. अनेक विश्वासणाऱ्यांच्या मनात आत्म्याचे तारणही नकळत असेच चाललेले असते: उपासना, दशांश, उपास हे हप्ते, आणि दोन महिने चुकले की जप्तीची नोटीस. पौलाने मात्र व्यवहारातलाच वेगळा शब्द निवडला. इफिसकरांस पत्राच्या 1:14 मध्ये पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा “विसार” आहे असे तो म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘अर्राबोन’ हा बाजारातलाच आहे. जमिनीच्या व्यवहारात विसार देतो तो खरेदीदार, आणि व्यवहारातून खरेदीदार फिरला तर त्याचाच विसार बुडतो. इथे खरेदीदार देव आहे आणि विसार म्हणून त्याने स्वतःचा आत्मा दिला आहे. ताबा घेण्याच्या दिवसाआधी व्यवहार मोडायचा तर ते नुकसान देवाला सोसावे लागेल. त्याच वाक्यात, एक वचन आधी, शिक्का मारल्याची भाषा आहे, आणि 4:30 सांगते की तो शिक्का मुक्तीच्या दिवसापर्यंतचा आहे. आपण नीट वागू तोवरचा, असे तिथे लिहिलेले नाही.

बाकीची मोठी वचने तुम्हाला ठाऊक असतील. योहान 10:28 मध्ये “त्यांचा कधीही नाश होणार नाही” असे म्हणताना मूळ ग्रीकमध्ये दोन नकार एकत्र येतात, नाही म्हणण्याची त्या भाषेतली सर्वांत जोरकस रीत ती हीच. पुढच्या वचनात मेंढरे पित्याच्या हातात आहेत. रोमकरांस पत्राच्या 8:30 मध्ये ज्यांना बोलावले त्यांना नीतिमान ठरवले, ज्यांना नीतिमान ठरवले त्यांचे गौरव केले. साखळीत एकही माणूस मधल्या कडीवर गळत नाही, आणि अजून न घडलेले गौरवही पौल घडून गेल्यासारखे लिहितो.

पण जास्त वेळ द्यायला हवा तो 1 पेत्र 1:5 ला, कारण घोषणा देणारे नेमके तेच वचन ओलांडून जातात. विश्वासणारे देवाच्या सामर्थ्याने राखले जातात, असे पेत्र म्हणतो. शब्द पहारेकऱ्यांचा आहे, गावाला शिबंदीने राखावे तसा. मात्र कसे राखले जातात? “विश्वासाच्या योगे.” म्हणजे देव माणसाला विश्वासाशिवाय राखत नाही, तो त्याचा विश्वासच जिवंत ठेवून त्याला राखतो. लूक 22:32 मध्ये येशू पेत्रासाठी हीच प्रार्थना करतो की तुझा विश्वास ढळू नये. पेत्र नाकारणार हे त्याला माहीत आहे. तो पडणार नाही अशी हमी येशू देत नाही. विश्वास मुळापासून विझू नये एवढे तो पित्याकडे मागतो, आणि पेत्र रडतो, परततो. त्याच रात्री यहूदाही जातो, पण तो परतत नाही. त्याच्याविषयी योहान 13:10-11 मध्ये येशूने आधीच म्हटले होते की तुम्ही सगळेच शुद्ध नाही. यहूदाचे तारण गेले नाही. ते झालेलेच नव्हते. मत्तय 7:23 मध्येही न्यायाच्या दिवशी येशू “मला तुमची कधीच ओळख नव्हती” असे म्हणतो. “एकेकाळी होती” असे म्हणत नाही.

इथेच सुरक्षितता आणि खात्री वेगळ्या करायच्या. सुरक्षितता ही देवाच्या बाजूची वस्तुस्थिती आहे. खात्री म्हणजे ती वस्तुस्थिती माझ्याबाबतीत खरी आहे हे मला कळणे. तुमच्यासारखी माणसे सुरक्षित असूनही खात्रीवाचून तळमळत राहतात. उलट, सुरक्षित नसलेल्या माणसाकडे भक्कम खोटी खात्री असू शकते. कॅल्विनच्या परंपरेतल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने (1646) म्हणूनच पवित्रजनांच्या टिकून राहण्यावर 17वा अध्याय लिहिला आणि खात्रीवर वेगळा 18वा. त्यात स्पष्ट म्हटले आहे की खऱ्या विश्वासणाऱ्याला खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो, आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते.

आता मतभेदाबद्दल, थोडक्यात. हॉलंडमध्ये धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमे मांडली. खरा विश्वासणारा पूर्णपणे पडू शकतो का, हा प्रश्न त्यांनी पाचव्या कलमात उघडा ठेवला होता. पुढे त्यांनी “पडू शकतो” ही बाजू घेतली. त्याला उत्तर म्हणून डॉर्ट्रेख्टची (म्हणजे डॉर्टची) महासभा नोव्हेंबर 1618 ते मे 1619 भरली आणि तिने देव राखतो हे ठामपणे मांडले. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1751 मध्ये विरुद्ध बाजू लिहिली. लूथरपंथीयांच्या 1530 च्या ऑग्सबर्ग अंगीकारात, एकदा नीतिमान ठरलेला पवित्र आत्मा गमावू शकत नाही असे म्हणणाऱ्यांचा निषेध आहे. कॅथलिक मंडळीने ट्रेंट परिषदेत 1547 मध्ये ठरवले की प्राणघातक पापाने कृपा गमावते आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. महाराष्ट्रात हे सगळे प्रवाह येऊन मिळाले आहेत. 1813 ला मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशन आणि नंतरचे स्कॉटिश मिशन कॅल्विनच्या, म्हणजे देव राखतो असे मानणाऱ्या परंपरेतले. 1870 नंतर आलेले मेथडिस्ट आणि 1882 चे मुक्तिफौजेचे लोक वेस्लीच्या परंपरेतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा दोन्ही परंपरांतल्या काही मंडळ्या एकाच छताखाली आल्या. त्यामुळे एकाच घरात आजोळचे उत्तर एक आणि आईच्या सासरचे दुसरे, असे आपल्याकडे सहज होते. या मतभेदावरून कोणाला अविश्वासू ठरवू नये. सगळ्यांना मान्य असलेली एक गोष्ट तुमच्या भावाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: ख्रिस्ताला सोडून शेवटपर्यंत तसाच राहिलेला माणूस तारला जाईल, असे यांतल्या एकाही परंपरेने कधी शिकवलेले नाही. डॉर्टनेही नाही.

“देव राखणारच असेल तर इशारे कशाला?” हा प्रश्न नेहमी येतो. याचे सर्वांत चांगले उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या 27व्या अध्यायात, वादळात सापडलेल्या तारवावर आहे. तारवावर 276 माणसे. दूताने पौलाला सांगितले की एकाचाही जीव जाणार नाही, आणि पौलाने ते सर्वांना सांगितले. अभिवचन पक्के, बिनशर्त. मग चौदाव्या रात्री खलाशी नाळेकडून नांगर टाकण्याच्या मिषाने होडी खाली सोडू लागतात, आणि तोच पौल शताधिपतीला म्हणतो की हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. दहा वचनांच्या आत अभिवचन आणि इशारा, दोन्ही एकाच तोंडून. पौल गोंधळला नव्हता. इशारा ऐकून शिपायांनी होडीचे दोर कापले, खलाशी तारवात राहिले, आणि अध्यायाच्या शेवटी सगळेच्या सगळे किनाऱ्याला लागले. अभिवचन पूर्ण झाले ते इशाऱ्यामार्फतच. डॉर्टच्या पाचव्या प्रकरणाचे 14वे कलम हेच सांगते: देव सुवार्तेचे ऐकणे-वाचणे, मनन, बोध, धमक्या, अभिवचने आणि संस्कार यांच्या द्वारे आपले काम टिकवून ठेवतो. धमक्या हा शब्द तिथे मुद्दाम आहे. देवाचे मूल इशारा ऐकून दचकते आणि दोर कापते. तुमची दचक ही इशारा आपले काम करत असल्याची खूण आहे.

आता इब्री 6:4-6. प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, देवाचे वचन आणि येणाऱ्या युगाचे सामर्थ्य चाखलेले असे लोक पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असे तिथे म्हटले आहे. वचन कठीण आहे, ते सोपे करून दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण तीन गोष्टी पाहा. पहिली, लगेच 7-8 मध्ये शेताचे उदाहरण आहे: पाऊस दोन्ही जमिनींवर सारखाच पडतो, एकीवर पीक, दुसरीवर काटे. वरच्या यादीत पाऊस आहे, पीक नाही. मंडळीत वाढलेला माणूस पुष्कळ पाऊस झेलतो. दुसरी, 6:9 मध्ये लेखक वाचकांना म्हणतो की तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या, तारणाला धरून असलेल्या गोष्टींची खात्री आहे. म्हणजे ते अनुभव आणि तारण तो स्वतःच वेगळे धरतो. तिसरी तुमच्यासाठी सर्वांत मोलाची: तिथे अशक्य म्हटले आहे ते पश्चात्तापाकडे परतणे. ज्या बाईला परतायची ओढ आहे, पापाचे वाईट वाटते, ख्रिस्त हवा आहे, तिच्यात ती “अशक्य” गोष्ट घडतेच आहे. शिवाय हे वचन “पाप केले की तारण जाते, पुढच्या सभेत पुन्हा घ्यायचे” या समजुतीच्या तर थेट विरुद्ध आहे. येथे जाणे-येणे नाहीच.

त्याच पत्रातले 3:14 इब्री 6 च्या आधी वाचायची सवय लावा. आपण सुरुवातीचा भरवसा शेवटपर्यंत दृढ धरला तर ख्रिस्ताचे भागीदार “झालो आहोत”. “होऊ” असे नाही. धरून राहण्याने भागीदारी मिळत नाही. आधीच मिळालेली भागीदारी त्यातून दिसून येते. 1 योहान 2:19 हेच उलट बाजूने सांगते: ते आपल्यातून निघून गेले, कारण ते आपले नव्हतेच; असते तर राहिले असते.

इब्री 10:26 मधले “जाणूनबुजून पाप” बऱ्याच जणांना छळते, कारण जवळजवळ प्रत्येक पाप आपण जाणूनच करतो. तिथले क्रियापद चालू राहणाऱ्या कृतीचे आहे, आणि 10:29 त्या पापाचे वर्णन करते: देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणे, कराराचे रक्त अपवित्र मानणे. तो ख्रिस्ताचा ठरवून केलेला त्याग आहे. दाविदाचे पापही जाणूनबुजूनच होते, तरी स्तोत्र 51 मध्ये तो तारणाचा आनंद परत मागतो. आनंद गेला होता.

गलतीकरांस 5:4 चा “कृपेपासून पतन” हा शब्द आपल्याकडे दारू पिणाऱ्याला किंवा पळून जाऊन लग्न करणाऱ्याला सर्रास लावतात. पौलाने तो नेमका उलट्या माणसांना लावला आहे, सुंता आणि नियम पाळून नीतिमान ठरू पाहणाऱ्यांना. योहान 15:6 ची तोडून टाकलेली फांदी मात्र आमच्या बाजूला खरोखर जड जाते. मी तिचा अर्थ यहूदाच्या संदर्भात लावतो, कारण तो नुकताच खोलीतून बाहेर गेलेला आहे. पण वेस्लीच्या बाजूचे लोक तिथे थांबतात ते उगाच नाही.

मग भावाचे काय? “तुझं तारण गेलं” असे त्याला सांगू नका, आणि “झालंय ना, येईल परत” असेही म्हणू नका. दोन्ही तुम्हाला माहीत नाही. देमासला पौलाने सहकारी म्हटले, नंतर त्याने पौलाला सोडले. त्याचा शेवट शास्त्राने लिहिलेला नाही. आपणही लिहू नये. सांगायचे ते एवढेच: “तू देवाचा आहेस की नाही हे मला ठरवता येत नाही. पण तू ज्या प्रार्थनेवर विसंबून आहेस, तिच्यावर विसंबायला येशूने कुठेच सांगितलेलं नाही. तो म्हणतो माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात आणि माझ्यामागे येतात. आज ऐकू येते का तुला?” योहान 10:27 आणि 10:28 एका श्वासात वाचून दाखवा. त्याने आजवर फक्त दुसरे वचन ऐकले आहे.

हे सकाळी, तो शुद्धीत असताना, एकट्याने बोला. त्याच्या मित्रांसमोर नको, आईसमोर नको. एका भेटीत एकच वचन. तो वाद घालू लागला तर थांबा आणि जेवायला बसा. येणेजाणे तुटले की पुढचे काही होत नाही. गलतीकरांस 6:1 मध्ये “पुन्हा ताळ्यावर आणा” या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, तोच मार्क 1:19 मध्ये जाळी दुरुस्त करण्याला वापरला आहे. कोळ्याला विचारा, फाटलेले जाळे एका बैठकीत, झटके देऊन नीट होत नाही. दोन-तीन भेटींनी काही झाले नाही तर मत्तय 18:15-17 च्या क्रमाने एक-दोन समजूतदार माणसे, मग पाळक आणि वडीलजन. दारूचा भाग वेगळा हाताळा. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरणे, झटके, भ्रम होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर. उपास-प्रार्थनेच्या सभेत नेऊन तिथेच बाटली टाकायला लावणे धोक्याचे आहे.

त्याला पुन्हा स्टेजवर नेऊन “नव्याने स्वीकार” करवू नका आणि दुसरा बाप्तिस्माही नको. पहिल्या वेळी नेमके हेच चुकले असण्याची शक्यता आहे. प्रार्थना संपताच पाच मिनिटांत, “आता तू तारला गेलास, कधीच शंका घेऊ नकोस, आजची तारीख बायबलमध्ये लिहून ठेव,” असे सांगण्याची पद्धत अनेक सभांत आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण खात्री देणे हे रोमकरांस 8:16 प्रमाणे आत्म्याचे काम आहे, समुपदेशकाचे नाही. त्याऐवजी योहान 6:37 सांगावे: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. “आज ये, उद्या ये, रोज ये.” मग शिकवणीचा वर्ग, मंडळीत ओळख, आणि बाप्तिस्म्याआधी काही महिने त्याचे चालणे पाहणे. तारखेवर टेकलेल्या माणसाला पुढे तारीखच पुरते, ख्रिस्त लागत नाही.

आणि तुम्ही. “माझा विश्वास पुरेसा आहे का” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा, कारण त्यात तुम्ही विश्वासाकडे पाहता, ख्रिस्ताकडे नाही. विचारायचे ते असे: आज, आत्ता, देवापुढे उभे राहायचे तर मी कशावर टेकले आहे? उत्तर “येशूच्या रक्तावर, दुसरं माझ्याकडे काही नाही” असे असेल तर ते उत्तर कितीही कापऱ्या आवाजात आले तरी चालते. मग योहानाचे पहिले पत्र घ्या. पाचच अध्याय आहेत, मोठ्याने वाचले तर साधारण वीस मिनिटे लागतात. 5:13 मध्ये तो सांगतो की आपल्याला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावे म्हणूनच हे लिहिले. आठवडाभर रोज एका बैठकीत पूर्ण वाचा, तुकडे करू नका. त्यात खुणा तीन आहेत: येशू हा ख्रिस्त आहे असा विश्वास (5:1), आज्ञा पाळण्याची दिशा (2:3), बंधुजनांवर प्रेम (3:14). पण क्रम मोडू नका. या खुणांच्या आधी 1:8 ते 2:2 येते, जिथे आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो आणि पाप केलेल्यासाठी पित्याजवळ कैवारी आहे. हा भाग सोडून खुणा लावल्या तर प्रत्येक प्रामाणिक माणूस नापास होतो. खुणा दिशा पाहण्यासाठी आहेत, गुण मोजण्यासाठी नव्हेत.

एक गोष्ट तपासा. तेच पाप दिवसातून दहा-वीसदा कबूल करणे, प्रार्थनेनंतर पाच मिनिटे हलके वाटून पुन्हा तीच धास्ती, नको असलेले निंदेचे शब्द आपोआप मनात येणे आणि “मी पवित्र आत्म्याची निंदा केली” अशी भीती, असे होत असेल तर पाळकाबरोबर मनोविकारतज्ज्ञालाही भेटा. हा आजार ओळखीचा आहे, उपचाराने बरे वाटते, आणि औषध घेतल्याने विश्वास कमी ठरत नाही. अशा माणसाला कोणी आणखी इशाऱ्यांची वचने वाचायला दिली तर त्रास वाढतो, आणि दरवेळी “तुझं तारण आहे गं” अशी ग्वाही देत राहिले तरी वाढतोच, कारण ग्वाहीचीच सवय लागते. घरच्यांना हे समजावून ठेवा. इब्री 6 पुढचे दोन महिने एकटीने वाचू नका; पाळकांबरोबर वाचा, आणि 6:12 वर न थांबता 6:20 पर्यंत, जिथे आशा हा आत्म्याचा नांगर आहे आणि तो पडद्याच्या आत, येशू गेला आहे तिथे टाकलेला आहे.